घोडा का अडला?

घोडा पाळणे आणि घोडा ठेवायला देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळायचा तर जागा, चारा, पाणी, मोतद्दार आणि पहाटे पाचला उठायची तयारी लागते. ठेवायला द्यायचा तर एक तारखेला पैसे पाठवण्याची तयारी पुरते. नागपुरात ज्यांच्या फ्लॅटला कूलर बसवायला धड खिडकी नसते, त्यांच्या घोड्याच्या हौसेला दुसराच मार्ग मोकळा असतो. मग घोडा हिंगणा, काटोल नाहीतर कामठी रस्त्याला शहर संपते तिथे राहतो, मालक धरमपेठेत राहतो आणि दोघांची भेट रविवारी होते. हे सगळ्यांना सोयीचे आहे. घोड्याला कोणी विचारलेले नाही.

घोडे एकत्र ठेवून सांभाळण्याची पद्धत जुनीच आहे. मराठ्यांच्या लष्करात शिलेदार स्वतःचा घोडा आणी, तर बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत पागेचा हिशोब दिला आहे : पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद. पावसाळ्यात फौज छावणीला परते. तिथे गवत, दाणा आणि औषधे आधीच साठवलेली असत, आणि दसरा झाला की स्वारी पुन्हा बाहेर पडे. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढाच त्याचा भाग सहसा सांगितला जातो. पण त्याच पत्रात दाणा-वैरण आताच उधळली तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमच्या माथी येईल, अशी तंबी आहे. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात पळवेल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत विचार केला आहे. घोडे ठेवण्याच्या व्यवसायाचे इतके नेमके माहितीपत्रक त्यानंतर निघालेले नाही. हल्लीच्या माहितीपत्रकांत कॅफे असतो, गवताची गंजी नसते.

नागपूरकर भोसल्यांचे स्वार १७४० च्या दशकात थेट बंगालपर्यंत जाऊन आले. त्या घोड्यांना व्यायाम कमी पडतो, अशी तक्रार कोणी केली नसावी. पुढे १८५३ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले, नंतर रिक्षांनी टांगे खालसा केले, आणि घोड्याच्या पाठीवर शेवटी नवरदेव उरला.

आज घोडा ठेवणारे मालक तीन प्रकारचे. पहिला लग्नसराईवाला. त्याची नुकरी घोडी तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत बँड, फटाके आणि आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला माणूस यांच्यामध्ये रात्री काढते आणि चातुर्मासात चार महिने खुंट्याशी उभी राहते. दुसरा घोडेस्वारी शिकवणारा. त्याचा घोडा सकाळ-संध्याकाळ रिंगणात गोल फिरतो. तिसरा निव्वळ हौशी. त्याच्या घोड्याला काहीच काम नसते, आणि पशुवैद्याची गाडी सर्वांत जास्त वेळा त्याच्याच दारात उभी दिसते.

याचे कारण घोड्याच्या पोटात आहे. चारशे किलोच्या या जनावराचे जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचे. त्यात आम्ल चोवीस तास झरत असते, आणि ते शमवणारी लाळ मात्र चावण्याची क्रिया चालू असेल तेव्हाच सुटते. म्हणून मोकळा घोडा दिवसाचे चौदा ते अठरा तास थोडे थोडे चरत असतो. ही हाव नव्हे, शरीराची गरज आहे. तबेल्यात मात्र माणसाच्या जेवणाचे वेळापत्रक लागू होते : सकाळी सातला तोबरा, संध्याकाळी सातला तोबरा. पंधरा मिनिटांत तोबऱ्यातला दाणा, म्हणजे चंदी, संपते आणि उरलेला दिवस रिकाम्या पोटात आम्ल साचत राहते. पित्त खवळले की माणूस गोळी घेतो, घोडा दार कुरतडतो. त्यातून त्याला उलटी करता येत नाही. सावजीचा रस्सा झेपला नाही तर माणसाला जी शेवटची वाट मोकळी असते, ती निसर्गाने घोड्याला बंद ठेवली आहे. पोटात गेलेले सगळे पुढेच सरकले पाहिजे. मध्ये कुठे अडले की पोटशूळ उठतो, घोडा खुराने जमीन उकरतो, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे पाहतो, लोळतो, आणि वेळेवर डॉक्टर आला नाही तर जातोसुद्धा.

मालकाचे प्रेम बहुधा हरभऱ्यातून व्यक्त होते. रविवारी तो भिजवलेला हरभरा, गूळ आणि जवसाचे लाडू घेऊन येतो, घोड्याच्या वाढदिवसाला केकही कापतो. एवढे धान्य एकदम पोटात गेले की त्याचा त्रास थेट खुरापर्यंत पोचतो. खुराच्या आतला नाजूक थर सुजतो, आणि पुढच्या पायांवरचा भार कमी करण्यासाठी घोडा ते पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो. मालक तेव्हा मोबाइल काढून म्हणतो, ‘काय पोज दिली पाहा!’

खरे तर घोड्याचा आहार साधा आहे. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो, आणि तोही दिवसभर पुरवून पुरवून. बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगला तर खायला वेळ लागतो आणि घोड्याचा दिवस सत्कारणी लागतो. विदर्भात ज्वारीचा कडबा आहे, तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार आहे, पाणी असेल तिथे लसूणघास आहे. कुटारात माती आणि धूळ फार असते, म्हणून ते चाळून, पाणी शिंपडून द्यावे लागते. चंदी ही कामाची मजुरी आहे. काम नसेल तर ती आपोआप कमी झाली पाहिजे. हा नियम माणसांना लागू करायचे धाडस कोणी केलेले नाही, पण घोड्यांना तो मानवतो.

आता मुख्य गोष्ट : रोज मोकळे सोडणे. भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना जुन्या लोकांनी एकच उत्तर देऊन ठेवले आहे : फिरवले नाही म्हणून. भाकरीच्या आणि पानांच्या बाबतीत महाराष्ट्राने ते मनावर घेतले. घोड्याच्या बाबतीत मात्र ‘आम्ही रोज अर्धा तास फिरवतो की’ असे सांगितले जाते. तो अर्धा तास पाठीवर खोगीर, तोंडात लगाम आणि वर बसलेल्या माणसाच्या सूचना यांत जातो. त्याला काम म्हणतात. मोकळे सोडणे म्हणजे दोर नाही, खोगीर नाही आणि कोणी काही सांगत नाही. काम संपल्यावर उरलेले साडेतेवीस तास घोडा बारा बाय बाराच्या खोलीत काढतो, किंवा अगाडी-पिछाडी बांधून ठाणावर. रानातला घोडा चरता चरता दिवसाला पंधराएक किलोमीटर सहज चालतो. चालताना खूर जमिनीवर दाबला जातो, सुटतो, आणि त्या दाबाने पायातले रक्त वर ढकलले जाते. घोडा उभाच राहिला की पाय सुजतात. मग काही घोडे लाकडावर दात टेकवून हवा ओढत बसतात आणि काही दारात उभे राहून तासन्‌तास डावी-उजवीकडे डोलतात. पाहुणे कौतुकाने म्हणतात, ‘अरे बाप्पा, हा तं गाणं ऐकून राहिला!’ तबेल्यात गाणे लागलेलेच नसते.

घोडा मोकळा सोडला की पहिले काय करतो, हे पाहण्यासारखे असते. शाम्पूने न्हाऊ घातलेली पांढरीशुभ्र घोडी फाटकातून आत जाते, दोन-चार ठिकाणी जमीन हुंगते आणि नेमकी सर्वांत मऊ धुळीची जागा हेरते. पुढचे गुडघे दुमडून ती धप्पकन आडवी होते. आधी डावी कूस घासते, मग चारही पाय आभाळाकडे करून उलटते, उजवी कूस घासते, उठते आणि अंग झाडते. धुळीचा लोट खाली बसतो तेव्हा नुकरी घोडी मातकट झालेली असते. शाम्पूचे पैसे गेल्याचे दुःख मालकाच्या तोंडावर स्पष्ट दिसते. पण घाम सुकवायला, गळणारे केस मोकळे करायला आणि माश्यांपासून वाचायला धुळीचा लेप कुठल्याही शाम्पूपेक्षा उपयोगाचा, असे घोडीचे मत आहे आणि पशुवैद्यही तिच्याच बाजूने बोलतात.

मोकळे सोडायचे केव्हा, हे नागपुरात पंचांगापेक्षा थर्मामीटर ठरवतो. घोड्यांची पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. त्यांत न्याहारी करून घोडा बाहेर काढावा आणि संध्याकाळी आत घ्यावा, असे असते. नागपुरात मे महिन्यात हे केले तर संध्याकाळी आत घ्यायला काही उरेल याची खात्री नाही. २३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित यंत्राने चक्क ५६ अंश दाखवले. तो यंत्राचा दोष होता असे नंतर जाहीर झाले, पण त्या दुपारी रस्त्यावर असलेल्या नागपूरकरांना ते अजून पटलेले नाही. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम सांगतात की, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्यांच्याकडून काम करून घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये ३७ अंशांना नागपूरकर ‘आज जरा बरं आहे’ म्हणतो.

म्हणून इथला घोडा उन्हाळ्यात रात्रपाळी करतो. ऊन उतरल्यावर बाहेर, सकाळी आठच्या आत छपराखाली. आवारात कडुनिंबाची दाट सावली, चाटायला मिठाचा खडा आणि प्यायला भरपूर पाणी लागते. एरवी पंचवीस-तीस लिटर पिणारा घोडा उन्हाळ्यात पन्नास लिटरपर्यंत जातो, आणि पाणी उन्हात तापलेल्या लोखंडी टाकीतले असेल तर तोंड फिरवतो. काही उदार मालक खोलीला कूलर बसवतात. कूलरच्या ताट्या गवताच्या असतील तर त्या चाऱ्यासाठीच आणल्या आहेत, असा घोड्याचा प्रामाणिक समज होतो, आणि आठवडाभरात कूलरचा नुसता सांगाडा उरतो.

पावसाळ्यात प्रश्न जमिनीचा येतो. विदर्भाची काळी माती कापसाला मानवते, खुराला नाही. ती पायाला चिकटते, खूर दिवसेंदिवस ओला राहतो आणि तळव्याची खाच सडून वास मारू लागते. उपाय साधा आहे. आवाराचा उंच भाग मुरूम टाकून कोरडा ठेवायचा आणि रोज खूर उचलून साफ करायचे. याच दिवसांत घोडमाश्या वाढतात आणि त्यांच्या चाव्यातून सर्रा नावाचा रोग पसरतो, म्हणून ताप आला की रक्त तपासून घेणे शहाणपणाचे. हिवाळा मात्र घोड्याचा खास मोसम. पाच अंशांपर्यंतची थंडी धडधाकट घोड्याला जाणवतही नाही. पण डिसेंबरात स्वतः स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून आलेल्या मालकाला घोडा उघडा पाहवत नाही. तो त्याच्यावर जाड झूल चढवतो आणि घोडा दुपारभर आत घामाने निथळत उभा राहतो.

मोकळी जागा मिळाली तरी तिथे घोडा एकटा असेल तर अर्धेच काम झाले. घोडा कळपात जगणारा. तो उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज अर्धा-एक तास आडवे व्हावे लागते, आणि पहाऱ्याला कोणी असल्याशिवाय तो बिनधास्त आडवा होत नाही. स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांत घोड्याला दुसरा घोडा दिसेल, ऐकू येईल आणि त्याचा वास येईल अशी सोय सक्तीची केली. आपल्याकडे दुसरा घोडा परवडत नसेल तर शेळी सोबतीला देतात. घोडा ती चालवून घेतो.

कळपातला मान किमतीवर ठरत नाही, हे मालकांना पचायला जड जाते. कानांची टोके एकमेकांना भिडलेला लाखोंचा मारवाडी घोडा नव्याने आवारात येतो. तिथे वीस लग्नसराया पाहिलेली एक म्हातारी घोडी असते. ती कान मागे पाडून दोन पावले पुढे टाकते आणि मारवाडी घोडा वंशावळीसकट बाजूला होतो. पाण्यावर पहिला हक्क तिचा, सावलीत पहिली जागा तिची. नव्याला आठ-दहा दिवस कुंपणापलीकडून ओळख करून देऊन मग आत सोडले की भांडण लाथेपर्यंत जात नाही. चारा मात्र घोड्यांच्या संख्येपेक्षा एक-दोन जास्त ठिकाणी टाकावा, म्हणजे हाकललेल्यालाही दुसरे पान मिळते.

एवढ्या सगळ्यासाठी जमीन लागते आणि खरे घोडे इथेच पेंड खाते. चराईसाठी घोड्यामागे एकर-दीड एकर तरी हवे. नागपूरच्या आसपास एकराकडे कोणी एकर म्हणून पाहत नाही. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात हे प्लॉटच्या दलालाला झोपेतही आठवते. आज घोडे चरत असलेल्या जागेवर उद्या ‘ले-आऊट’चा फलक लागतो आणि कळप आणखी दहा किलोमीटर पुढे सरकतो. म्हणून तबेलेवाले कमी जागेत जास्त घोडे ठेवतात आणि वाचलेले पैसे दिसेल अशा ठिकाणी खर्च करतात : कमान, फरशी, कारंजे. सुशोभनासाठी कडेला कण्हेर लावली जाते. तिची थोडीशी पाने घोड्याचा जीव घ्यायला पुरतात. कुंपणाला काटेरी तार असते. भ्यालेला घोडा आधी पळतो आणि मग पाहतो, त्यामुळे ती तार त्याच्या छातीवर कायमची लिहिली जाते. लाकडी वासे किंवा रुंद, लांबून दिसणारी पट्टी परवडते. रानडुकरांसाठी शेतकरी वापरतात ते झटका मशीनही चालते, फक्त ते घोड्याला आधी समजले पाहिजे आणि पाहुण्यांच्या मुलांनाही.

या साऱ्याचा कणा म्हणजे मोतद्दार. लीद कशी पडली, पाणी किती प्यायले, कोणता पाय गरम लागतो, हे खरारा करता करता त्याला कळते. डॉक्टर येण्याआधी निदान झालेले असते, फक्त त्याचे बिल होत नाही. रविवारी मालक येतो, हाक मारतो, घोडा बघतही नाही. मालकाचा चेहरा पडतो. ‘काका, हा रागावला का माझ्यावर?’ मोतद्दार शांतपणे खुरातली माती काढत सांगतो, ‘नाही साहेब, रागावला नाही. तो तुम्हाले ओळखूनच नाही राहिला.’

बाकीची माणसे कमी वेळा लागतात, पण लागतातच. खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद हवा. दात आयुष्यभर वर येत राहतात आणि त्यांच्या कडा गालाला कापतात, म्हणून वर्षातून एकदा डॉक्टरकडून कानशीने घासून घ्यावे लागतात. धनुर्वाताची लस चुकवून चालत नाही, कारण या रोगापुढे घोडा फार दुबळा. पशुवैद्यक महाविद्यालय शहरातच असल्याचा नागपूरकरांना मोठा आधार आहे. पोटशूळ मात्र हटकून रात्री दोनला उठतो. त्या वेळी कोणाला फोन करायचा, खर्चाला होकार कोणी द्यायचा आणि मालक विमानात असेल तर निर्णय कोणाचा, हे करारात आधी लिहिलेले बरे.

दीर्घकाळचे कल्याण हा विषय सहसा कोणी काढत नाही, कारण तो हिशोबाचा आहे. घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. हौस तितकी जगत नाही. मुलगी सहावीत असताना पाच वर्षांचा घोडा घेतला जातो. दहावीला क्लास लागतात, बारावीला ‘नीट’ परीक्षा येते, मग मुलगी पुण्याला, तिथून परदेशात. ती पुण्याला निघते तेव्हा घोडा बारा-तेरा वर्षांचा, भर उमेदीत असतो. पैसे आधी एक तारखेला येत, मग दहाला, मग आठवण केल्यावर. शेवटी तबेलेवाला तो घोडा वरातीला लावून चाऱ्याचे वसूल करतो, आणि धरमपेठेतल्या फोटोतला घोडा मानेवाड्यात नवरदेव घेऊन निघतो. यात कोणी दुष्ट नसतो. वीस वर्षांचा विचार कोणी केलेला नसतो, एवढेच.

म्हणून जाणकार तबेलेवाला घोडा घेतानाच म्हातारपणाचे विचारतो. विशीनंतर दाढा झिजतात, कडबा चावत नाही आणि अर्धवट चघळलेले गोळे तोंडातून खाली पडू लागतात. मग चारा बारीक कापून, कोंडा भिजवून, दिवसातून चार-पाच वेळा भरवावा लागतो. सांधे धरतात, आणि त्यावर औषधाइतकाच उपयोग रोज मोकळे चालण्याचा होतो. म्हाताऱ्या घोड्याला खोलीत बंद करून ‘आराम’ देणे म्हणजे त्याला लवकर बसवणे. गाईसाठी गावोगाव गोरक्षण आहे, बैलासाठी पोळा आहे, घोड्यासाठी फक्त दसऱ्याचा एक हार आहे. त्यामुळे त्याच्या पेन्शनची तरतूद मालकानेच करायची, आणि ती महिन्याच्या बिलात पहिल्या दिवसापासून धरायची. बिल वाढलेले पाहून जो मालक तिथूनच माघारी फिरेल, त्याने एका घोड्याचे मोठेच कल्याण केले असे समजावे.